उताराची सवय

रावनिश्ते, ४ डिसेंबर १९८७

शेर्बो दादा,

सलाम. पत्र फाडायच्या आधी निदान एवढी ओळ वाच: मला सातवा महिना लागलाय आणि तू दिलेली गाडी सुरू होत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे म्हणून लिहितेय. नाहीतर तोंड फुगवून बसणं मलाही तुझ्याइतकंच येतं, एकाच आईची लेकरं आहोत आपण.

पत्ता आईने दिला. म्हणाली, "शेर्बो ल्युब्लियानाला एका गॅरेजात लागलाय, गाड्यांच्या विजेचं काम शिकला, पगार बरा आहे, जेवण मात्र धड नाही." मला हसू आलं. लहानपणी घराचा दिवा गेला की शेजारच्याला हाक मारणारा माणूस तू, आणि आता विजेचं काम! पण बरं वाटलं रे. खरंच बरं वाटलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मी उगाळत बसत नाही. तुला पाठ आहे, मला पाठ आहे, आणि पेश्तेरच्या पठारावर ज्याला ठाऊक नाही असं एक मेंढरूसुद्धा शिल्लक नाही. नवऱ्या मुलीच्या भावाने बहिणीला गाडी दिली, लाल फीत बांधून दिली, आणि सकाळी दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर किल्ली फिरवली तर गाडी नुसती खोकली. तू म्हणालास, "आमच्या अंगणात ही कधी एकदाही अडली नाही!" सासरे म्हणाले, "मग तुमच्याच अंगणात ठेवायची होती. मेलेलं घोडं फीत बांधून आमच्या गळ्यात कशाला घातलंस?" त्यावर तू जे बोललास ते मी लिहीत नाही, पोटातलं बाळ वाचेल. यांच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही म्हणालास, आणि लावला नाहीस.

तर आता ऐक. बाळ फेब्रुवारीत येणार. फेब्रुवारीतली पेश्तेर म्हणजे काय ते तू कधी पाहिलेलं नाहीस. आपल्या ओब्रोन्कात बर्फ पडतो आणि उतारावरून खाली जातो. इथे पडतो आणि राहायलाच येतो. पाझारच्या इस्पितळात जायला या वाडीत चारचाकी एकच, ती आपली. बाकी रीझोचा ट्रॅक्टर आणि सासऱ्यांची घोड्याची बर्फगाडी. आणि बर्फगाडीचं नाव काढायची सोय नाही. सासूबाईंचं पहिलं बाळ तिच्यातच गेलं, पाझारच्या अर्ध्या वाटेवर. त्या मला काही बोलत नाहीत. पण मी गाडीपाशी गेले की हात पुसत दारात येऊन उभ्या राहतात आणि सुरू होते का ते बघतात. होत नाही. मग आत जातात.

रीझो हा आमचा शेजारी, ट्रॅक्टर दुरुस्त करतो म्हणून गावचा मेकॅनिक. मनाने फार चांगला. आधी म्हणाला बॅटरी. नवी घेतली. मग म्हणाला सेल्फ. काढला, धुतला, परत बसवला. मग इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, त्यात माझी शाल जळाली. मग सासूबाईंनी मशिदीतल्या होजांकडून ताईत आणून आरशाला बांधला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय. ट्रॅक्टरने ओढली की मात्र गुमान सुरू होते. म्हणून सासऱ्यांनी काय केलं असेल? गेल्या महिन्यात माती, दगड आणि शेण घालून अंगणात टेकाड बांधलं! "ओढल्यावर चालते ना? मग अल्लाने सपाट दिलं तिथे मी उतार देतो." रोज गाडी मागे मागे त्याच्यावर चढवायची आणि सकाळी सोडायची. कोरड्यात चाललं. पहिला बर्फ पडला आणि क्लच सोडताच चाकं फिरायचीच बंद झाली. गाडी तशीच घसरत खाली आली आणि शेणाच्या ढिगात नाक खुपसून बसली. सासरे आत जाऊन दोन कप कॉफी प्यायले.

दादा, तू सांग काय करू. चार ओळी लिही. तीन ओळी शिव्या घाल हवं तर, पण चौथी गाडीबद्दल लिही.

तुझी
उमिहाना


रावनिश्ते, २३ डिसेंबर १९८७

शेर्बो दादा,

पुडकं मिळालं! पोस्टमनकाकांना वाटलं बॉम्ब आहे, हातभर लांब धरून आणलं. आत एक लहानसा बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींना चिमटे, आणि तुझा कागद. मी कागद उलटसुलट करून पाहिला, "प्रिय मीहा" कुठे दिसतं का म्हणून. नव्हतं. होतं ते असं:

"चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला. दुसरं टोक हीटर प्लगांना जोडणाऱ्या पट्टीला. किल्ली फिरव. बल्ब पेटतो का? नाही पेटला तर मागे मागे जा, फ्यूज बघ. पेटला तर प्लग बघ: चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरं टोक प्लगच्या डोक्याला. पेटला तर जिवंत. फ्यूजच्या जागी खिळा घालू नका."

जीव ओवाळून टाकावा असं पत्र, हो की नाही? पण मी ते तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा माझे डोळे भरून आले. तू उत्तर दिलंस. बहिणीला नाही दिलंस, तर गाडीला दिलंस. चालेल.

आता ऐक कसं झालं. चामिलला मी म्हटलं, "किल्ली तू फिरव, बल्ब मी धरते." माझा नवरा वाघासारखा लांडग्याच्या मागे धावेल, पण वायर दिसली की डोळे मिटतो. सासूबाई मागून माझा झगा धरून उभ्या. "अगं, बाळाला झटका बसेल!" म्हटलं, "आई, बारा व्होल्टची आहे, झुरळसुद्धा मरणार नाही." त्यांनी झगा काही सोडला नाही.

चामिलने किल्ली फिरवली. समोरचा पिवळा दिवा, तो वेटोळ्याच्या चित्राचा, झोकात लागला. आणि माझा बल्ब? काळा ठिक्कर! म्हणजे बघ, वर्षभर तो पिवळा दिवा आम्हाला सांगत होता की प्लग तापतायत, तापतायत, झालं, आता मारा सेल्फ. आणि थंड डिझेल इंजिनाला ऊब देणाऱ्या त्या प्लगांपर्यंत वीज येतच नव्हती. असा खोटारडा दिवा मी जन्मात पाहिला नाही. रीझो म्हणाला, "त्याचं काय चुकलं? तो बिचारा रिलेचं ऐकतो, पुढे काय होतं ते त्याला कोण सांगतंय?"

मग तू म्हणालास तसं मागे मागे गेले. फ्यूज. रीझोने झाकण काढून पाहिलं. "फ्यूज ठणठणीत आहे. डोळ्यांना दिसतंय." दिसत होताच, अख्खा पत्रा. पण मी बल्ब लावला. या बाजूला लावला, पेटला. त्या बाजूला लावला, विझला. रीझोने डोकं खाजवलं. मी नखाने जरा दाबलं तर मधोमध केसाएवढी चीर, हातात दोन तुकडे. रीझो लगेच खिसा चाचपायला लागला. विचार कशासाठी!

"रीझो, खिळा नाही."

"अगं, माझ्या ट्रॅक्टरात किती वर्षं खिळाच आहे. पेश्तेरवर सगळ्यांच्यात खिळाच असतो."

मी तुझा कागद त्याच्या नाकासमोर धरला. वाचून म्हणाला, "हा तुझा भाऊ मला ओळखतो का?" म्हटलं, "तुला नाही, आपल्या सगळ्यांना ओळखतो." चामिल सिएनित्साला जाऊन नवा फ्यूज घेऊन आला. आता पट्टीला बल्ब लावला तर लख्ख पेटतो! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यासाठी माझा झगा सोडला.

पण दादा, गाडी अजून सुरू होत नाही. आधी नुसती खोकायची, आता थरथरते, पांढरा धूर सोडते, एखादा ठोका धरते आणि मरते. प्लगही तपासले, तू लिहिलंस तसेच. चारही डोक्यांना टोक लावलं, चारही वेळा बल्ब पेटला. म्हणजे चारही जिवंत. मग आता काय? थंडी अशी आहे की विहिरीचा दोर काठीसारखा उभा राहतो.

मी बरी आहे. बाळ लाथा मारतं. त्याच्या मामावर गेलंय.

मीहा


रावनिश्ते, १२ जानेवारी १९८८

दादा,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला ल्युब्लियानाचा पूल, मागच्या बाजूला एवढंच:

"पट्टी काढलीस का?"

नव्हती काढली! तू कुठे सांगितलं होतंस काढायला? मी थोडा वेळ चरफडले. मग शाल गुंडाळली, पाना घेतला आणि प्लगांच्या डोक्यांवरचे नट सोडवून ती पट्टी काढून बाजूला ठेवली. आता प्रत्येक प्लग आपापला एकटा. बल्ब लावला पहिल्याला. अंधार. दुसऱ्याला. अंधार. तिसऱ्याला लावला, पेटला. चौथा, अंधार.

तीन मेलेले आणि एक जिवंत. पट्टी होती तोवर तो एकटा तिसरा चौघांच्या नावाने दिवा लावत होता. कुठल्याही डोक्याला हात लावा, वीज पट्टीवरून त्याच्याकडे जायची आणि बल्ब पेटायचा. मी ते सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे एकाच्या जिवावर चौघं मिरवत होते. अशी घरं मी पुष्कळ पाहिलीत." चामिलला अचानक मेंढरांकडे काम निघालं.

पण मी तुला हे लिहितेय ते त्यासाठी नाही. यापुढचं नीट वाच, बसून वाच.

रीझोने ट्रॅक्टरने गाडी ओढून गरम केली आणि एक मेलेला प्लग सोडवून काढला. दिव्यापाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला. टोक पार झडलेलं, वर काजळीचं कवच. म्हणाला, "मुली, हा काही आमच्या पेश्तेरवर मेला नाही. हा मरून निदान पाच-सहा वर्षं झालीत."

"असं कसं होईल? माझा भाऊ ही गाडी रोज चालवत होता. हिवाळ्यातही."

"मग सुरू कशी करायचा?"

मी सांगायला गेले आणि मलाच उलगडलं. दादा, तूच सांग. ओब्रोन्कात गाडी कशी सुरू करतात? ब्रेक सोडतात. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, मशिदीच्या वळणापर्यंत गाडी आपसूक जाते, तिथे क्लच सोडायचा. बास. किल्ली फिरवायची ती फक्त दिवे लागावेत म्हणून. आपले बाबा तसेच, शेजारचे तसेच, ज्या चुलतभावाकडून तू ती गाडी घेतलीस तोही तसाच. आख्ख्या ओब्रोन्कात नाक वर करून लावलेली गाडी मी एकदाही पाहिलेली नाही! लग्नाच्या वरातीत ती गरम होती म्हणून इथवर आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा तू सपाटीवर थंड गाडीची किल्ली फिरवलीस.

तू खोटं बोलला नव्हतास. तुमच्या अंगणात ती खरंच कधी अडली नव्हती. अडणार कशी, अंगणच उतरतं होतं.

मला तेव्हाही ठाऊक होतं की तू मला फसवणार नाहीस. ते मी तोंडाने सांगत होते, पण तोंडाचं कोण ऐकतं? आता माझ्या हातात एक मेलेला प्लग आहे, आणि त्याचे दोन भाऊ इंजिनात आहेत. जेवताना मी तो सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवला. चामिल मला डोळ्यांनी खुणा करत होता की नको, नको. मी सगळं सांगितलं. उतार, दुसरा गिअर, मशिदीचं वळण, सगळं.

सासरे मूर्तेझ म्हणजे कसा माणूस तुला माहीत आहे, बोलताना शब्दाला पैसे पडतात असं वाटतं. त्यांनी भाकरी खाली ठेवली. प्लग उचलून जवळून पाहिला.

"म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं."

"नाही, बाबा."

"आणि गाडी चांगली आहे असं समजूनच दिली."

"होय, बाबा."

परत भाकरी घेतली. जेवण संपवलं. नंतर कोट चढवून बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं, त्यांनी बांधलेल्या टेकाडासमोर कितीतरी वेळ मागे हात बांधून उभे होते. त्यांनाही कळलं असावं की हे ओब्रोन्का त्यांनी स्वतःच्याच अंगणात बांधलंय.

प्लग सिएनित्सात मिळत नाहीत. पाझारला "उन्हाळ्यात येतील" म्हणाले. उन्हाळ्यात मी त्यांचं काय लोणचं घालू? पाठव दादा. लवकर पाठव.

तुझी मीहा


रावनिश्ते, ३० जानेवारी १९८८

दादा, माझ्या शहाण्या दादा,

पार्सल आलं आणि गाडी सुरू झाली. किल्लीने! सपाटीवर! अंगणात! आता सावकाश सांगते.

पेटीत पाच प्लग होते. सिलिंडर चार, प्लग पाच. चामिल म्हणाला, "भाऊसाहेबांचं गणित चुकलं." सासरे म्हणाले, "चुकलं नाही. एखादा बसवताना खराब झाला तर या पोरीला पुन्हा महिनाभर वाट बघायला नको म्हणून आहे तो." तुझ्याबद्दल सव्वा वर्षात त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं गोड वाक्य. तो पाचवा प्लग त्यांनी रुमालात गुंडाळून फळीवर कॉफीच्या जात्याशेजारी ठेवलाय आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

तुझ्या कागदावर या वेळी दोन ओळी: "इंजिन गरम असताना सोडव. हलक्या हाताने, अडला तर मागेपुढे कर, जोर नको, तुटला तर आत राहील." आणि खाली, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर लिहिलेलं: "तू वाकू नकोस."

मी वाकले. रागावू नकोस. दोन सुटले. तिसरा, तो चौथ्या सिलिंडरचा, हलेना. माझं पोट मधे, हात पुरेना, घाम फुटला, आणि मी दात-ओठ खाऊन पान्याला लटकणार तोच मागून एक हात माझ्या हातावर आला.

"थांब, पोरी. त्याने काय लिहिलंय? हलक्या हाताने."

सासरे! तुझा कागद त्यांनी कधी वाचला देव जाणे. मला बाजूला केलं, स्टुलावर बसवलं, आणि स्वतः पाना धरला. मागे, पुढे. थोडं तेल. मागे, पुढे. मेंढीचं अडलेलं कोकरू काढतात ना, तसे ते तोंडाने हळू हळू काहीतरी बोलत होते. रीझो म्हणाला, "मूर्तेझकाका, जरा जोर लावा." ते म्हणाले, "जोर लावायचा असता तर तुलाच बोलावलं असतं." आणि सुटला! अखंड सुटला, दादा. सासूबाईंनी दारातूनच अल्लाचे आभार मानले. मी तुझेही मानले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. कुणी नाक मुरडलं नाही.

चारही नवे बसवले, प्रत्येक बल्बने तपासला, आणि मग पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर गारठलेल्या गाडीत मी बसले. पिवळा दिवा लागला. विझेपर्यंत थांबले. सेल्फ मारला. पहिल्याच फेऱ्यात धरली! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. चामिलला वाटलं कळा सुरू झाल्या, तो आत बॅग आणायला पळाला.

दादा, तुझे उपकार मी कशाने फेडू? तिकडे तुझ्या खोलीत धड चूल नाही असं आई म्हणते, आणि तू प्लग पाठवतोस. आई हेही म्हणाली की तू तिथे एक जुनी गाडी घेतलीस. सांग खरं, कुठे लावतोस? ल्युब्लियानात उतार सापडला का?

आकाश उतरून आलंय. मोठा बर्फ येणार म्हणतात. आमच्यासाठी दुआ कर.

मीहा


पाझारचं इस्पितळ, १७ फेब्रुवारी १९८८

मामा,

आता तुला याच नावाने हाक मारायची. मुलगी झाली. हासिबा. गाल लाल, मूठ घट्ट, आणि भूक लागली की आख्खा वॉर्ड जागा करते. दोघी ठणठणीत आहोत. हे आधी सांगितलं, आता तुझ्या जिवात जीव आला असेल तर पुढचं वाच.

परवा सकाळी न्याहारी चालली होती. आदल्या दिवशी दिवसभर वादळ होतं. दार ढकलून उघडलं तर टेकाड कुठे आहे तेसुद्धा दिसेना, सगळं अंगण एकसारखं पांढरं. आणि मला कळ आली. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली सायीच्या काइमाकची वाटी खाली पडली.

सासरे उठले, कोट चढवला आणि सवयीने तबेल्याकडे निघाले. घोडा जोडायला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीही त्यांनी हेच केलं असेल. सासूबाई, ज्या आयुष्यात त्यांना उलटून बोलल्या नाहीत, त्या धावत जाऊन तबेल्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"घोडा नको, मूर्तेझ."

"अगं, गाडी नाही चालली तर?"

"चालेल. तिच्या भावाने बघितलीय."

तिच्या भावाने बघितलीय. हे कोण म्हणालं, दादा? पेम्बा म्हणाली, माझी सासू. इथून दोनशे कोस लांब बसून तू बघितलीस असं तिला वाटतं, आणि खोटंही नाही ते.

चामिल गाडीत बसला. मी मागे, सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. घाईत त्याने किल्ली उलटी धरली, ती भोकात जाईना. गेली, आणि या गाढवाने थेट सेल्फ मारायला घेतला. मी कळा विसरून ओरडले, "थांब! दिवा विझू दे आधी!" थांबला. तो पिवळा दिवा. बाई गं, तेवढा वेळ मला जेवढा लांब वाटला तेवढं सगळं बाळंतपण वाटलं नाही. सासूबाईंचे ओठ हलत होते. सासरे बाहेर बर्फात गुडघाभर उभे, बॉनेटवर हात ठेवून, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. दिवा विझला.

आणि धरली, दादा! थंडीने दगड झालेल्या सपाट अंगणात पहिल्या किल्लीला धरली. सासूबाईंनी माझं डोकं घट्ट छातीशी धरलं आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. माझ्यासाठी रडत होत्या, आणि त्या पहिल्या बाळासाठीही, मला कळत होतं.

रीझोने पुढे ट्रॅक्टर घालून सडकेपर्यंत वाट फोडली. सडकेवर बर्फ काढणारी गाडी भेटली, तिच्या मागे मागे आलो. पोचलो. वेळेवर पोचलो. डॉक्टरीणबाई फार प्रेमळ, हासिबाला हातात घेऊन म्हणाल्या, "घाई नव्हती हिला, तुम्ही इथे पोचायची वाट बघत होती."

मी खिडकीपाशी बसून हे लिहितेय. हासिबा झोपलीय. मला सगळ्या जगाबद्दल चांगलंच वाटतंय, त्या खोटारड्या पिवळ्या दिव्याबद्दलसुद्धा. पण सगळ्यात आधी तुझ्याबद्दल. तू शब्दांत कंजूस आहेस, पण तुझे सगळे कागद मी जपून ठेवलेत. ही मोठी झाली की तिला वाचून दाखवीन. "पट्टी काढलीस का?" हे तिच्या मामाने तिच्यासाठी लिहिलेलं पहिलं वाक्य.

तुझी बहीण


रावनिश्ते, २६ मार्च १९८८

शेर्बो दादा,

हासिबासाठी पाठवलेली लोकरीची टोपी पोचली. दोन वर्षांनी बसेल. आता तर ती हनुवटीपर्यंत येते आणि आत अंधार झाला की बाईसाहेब किंचाळतात. पण सगळ्यांना दाखवून झाली. बाळ बघायला बायका येतात, खिम्याचे मांतिये आणि हलवा आणतात, आणि मी त्यांना आधी मुलगी दाखवते, मग टोपी, मग बॉनेट उघडून चार प्लग. सासूबाई म्हणतात, "पुरे गं." आणि स्वतःच बल्ब घेऊन येतात.

तुझं चार ओळींचं पत्रही मिळालं. चार ओळी! आणि सुरुवातीला "प्रिय मीहा"! मी पोस्टमनकाकांना दोन वेळा कॉफी पाजली. तू लिहितोस की उन्हाळ्यात रजा आहे, आईकडे ओब्रोन्काला येणार, रावनिश्तेचं मात्र "बघू." ते "बघू" मला कळतं. उंबऱ्याबद्दल तू जे बोललास ते तुला गिळता येत नाही. मी आग्रह करणार नाही. फक्त काल काय झालं ते सांगते.

बर्फ वितळला. टेकाड उघडं पडलं, पावसाने अर्धं खचलेलं, कुरूप. रीझो ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, "मूर्तेझकाका, गाडी आता किल्लीने चालते, या उकिरड्याचं काय काम? पाडून टाकतो, इथे कांदे लावा." चामिल हो म्हणाला. मीही हो म्हणाले, मला वाळत घालायला जागा हवी होती.

सासरे आतून आले. हातात फावडं.

"कुणी हात लावायचा नाही."

"अहो बाबा, पण कशाला ठेवायचं?" चामिल म्हणाला.

ते सरळ टेकाडापाशी गेले. फावड्याने खचलेली बाजू भरायला लागले. दगड लावले, माती चोपली, माथा सपाट केला, चार चाकं नीट उभी राहतील एवढा. आम्ही सगळे बघत उभे. सत्तरीचा माणूस, घामाने न्हालेला. मी हासिबाला घेऊन जवळ गेले. "बाबा, खरं सांगा, हे कुणासाठी चाललंय?"

फावड्यावर रेलून त्यांनी दम घेतला. माझ्याकडे न बघता, हासिबाच्या टोपीची कड जरा वर करत म्हणाले,

"तुझ्या भावाने तिकडे गाडी घेतलीय म्हणतात. तो ओब्रोन्काचा माणूस. सपाटीवर लावायची त्याला सवय नाही."

मीहा